दोन्ही बाजूंनी सुलटी फीत

नातीनं परवा माझं कपाट आवरताना ती फीत बाहेर काढली आणि विचारलं, "आजी, याची सुलटी बाजू कोणती गं?"

शिंप्याच्या घरात जन्मलेल्या बाईला विचारायचा हा प्रश्न आहे का? कापड हातात आलं की डोळे मिटूनही मला उलट-सुलट कळते. पण या फितीपुढं माझी बोटं आजही अडखळतात. एका बाजूला पांढरं साटीन, निळी किनार, त्यावर सोनेरी जरीचा एक उघडा डोळा आणि खाली एकमेकींत अडकवलेल्या तीन कड्या. दुसरी बाजू काळी कुळकुळीत. डोळा तोच, पण रुपेरी, आणि पापणी मिटलेली. वर पितळेची पट्टी आणि टाचणी, खाली झालर. पांढऱ्या बाजूवर, डोळ्याच्या जरा खाली, मोहरीएवढा तपकिरी डाग आहे.

"हिला धुवायला देऊ या," नात म्हणाली.

मी तिच्या हातातून ती काढूनच घेतली. दोन्ही बाजू सुलट्या आहेत एवढंच तिला सांगितलं. तिला ते पटलं नाही, आणि पटावं असा माझा आग्रहही नव्हता. दुपारभर मात्र फीत मांडीवर घेऊन मी खिडकीशी बसून राहिले, आणि नाकात डांबरगोळ्यांचा वास भरला. घरात एकही डांबरगोळी नाही.

तो वास डोळ्याच्या बंगल्याचा. साताऱ्यात सदर बाजाराच्या पूर्वेच्या टोकाला, चिंचांच्या रांगेआड तो बंगला होता आणि त्याच्या दारावर चुन्यात काढलेला हा एवढा डोळा. बाजार करून येणाऱ्या बाया त्याच्याकडं न बघता पदर सारखा करून पुढं जायच्या. आतल्या मंडळाचं खरं नाव इंग्रजीत होतं आणि ते सांगायला दोन दम लागायचे. ते अमेरिकेहून आणलं हावडसाहेबानं. हा माणूस लोखंडी नांगर आणि तेलाची इंजिनं विकायला आमच्या मुलखात आला आणि इथलाच होऊन गेला. लोणंदपासून कुंडलपर्यंत कुणाच्या विहिरीवर कुठलं इंजिन बसलंय हे त्याला पाठ होतं. त्याच्या मंडळात वकील होते, डॉक्टर होते, रेल्वेतले दोन गोरे होते, एक पारशी कंत्राटदार होता आणि आमच्या पोलीस ठाण्याचे फौजदारसाहेबही होते. बारा माणसं आणि तेरावा साहेब. एकमेकांना ती ब्रदर म्हणायची. महिन्यातून एकदा पडदे ओढून आत काय करायची, ते देव जाणे आणि माझे वडील, आबा.

आबा मंडळाचे शिंपी होते. बंगल्याचं कपाट त्यांच्या ताब्यात असे. त्या कपाटाचं दार उघडताना एक लांब किरकिर व्हायची, आणि मग मखमलीचा, जरीचा, जुन्या घामाचा आणि डांबरगोळ्यांचा असा तो वास अंगावर यायचा. गळ्यात घालायचे रुंद पट्टे, कमरेचे छोटे शुभ्र एप्रन, लाकडाच्या तलवारी, कागदाच्या लगद्याची एक कवटी, पांढऱ्या आणि काळ्या गोळ्यांची पेटी. नवा माणूस मंडळात घ्यायचा तर प्रत्येकानं त्या पेटीत हात घालून गुपचूप एक गोळी टाकायची. सगळ्या पांढऱ्या निघाल्या तर तो आत, एक जरी काळी निघाली तर बाहेर. आणि त्या सगळ्यांवर कडी म्हणजे बोकड. चाकांवरचा लाकडी बोकड, अमेरिकेहून खोक्यात घालून आणलेला. नव्या माणसाचे डोळे बांधून त्याला त्यावर बसवायचं आणि खोलीभर दामटायचं. बोकडाचं कातडं कसरीनं खाल्लं तेव्हा आबांनी त्याला माणदेशी घोंगडं शिवून घातलं. पेठेत बातमी होती की बंगल्यात बोकड कापतात. आबा ऐकून घ्यायचे आणि मिशीत हसायचे. सांगायचे मात्र नाहीत, कारण साहेबानं पहिल्याच दिवशी त्यांचा हात एका जाड पुस्तकावर ठेवून त्यांना शपथ घातली होती. डोळ्यानं दिसेल ते तोंडावाटे बाहेर पडणार नाही. आबांनी ती शपथ देवळात घेतल्यासारखी पाळली. मला हे सगळं ठाऊक, कारण मी कामाला त्यांच्याबरोबर जायची. मला कुणी शपथ घातली नव्हती. मुलीला शपथ घालावी असं त्या शहाण्यांना सुचलंच नाही.

साहेब मात्र माझ्याशी बोलायचा. त्याची मराठी नांगर विकणाऱ्याची होती, विहीर आणि बैलापलीकडं अडायची. एकदा मी गळपट्ट्याला गोंडे लावत होते, तेव्हा त्यानं सांगितलं की त्याच्या देशात गावोगावी असं एक घर असतं, बहुतेक वेळा वाण्याच्या दुकानावरच्या माडीवर. लोहार, शेतकरी, इंजिनात कोळसा टाकणारे, सगळे त्यात भाऊ होतात. भाऊ आजारी पडला तर बाकीचे पाळीपाळीनं उशाशी बसतात. मेला तर त्याची चूल विझू देत नाहीत. आणि त्याला खांदा द्यायला चारजण नाहीत, असं कधी होत नाही.

"आणि बायका?" मी विचारलं.

"बायकांना आत येणं नाही."

"मग हे पट्टे तिकडं कोण शिवतं?"

साहेब मोठ्यानं हसला. "बायका," म्हणाला.

मंडळाचे पांढरे सुती हातमोजे आमच्याकडं रफूला यायचे. दर बैठकीनंतर एक टोपली. आई आणि मी ओसरीवर बसून ते रफू करायचो. त्या कामात एक गंमत होती आणि ती आम्हा दोघींनाच माहीत होती. मोजे कुणाचेही असोत, उजव्या हाताचा मोजा एकाच जागी विरलेला असायचा. मधल्या बोटाच्या मुळाशी, वरच्या हाडावर. बाकी सगळा मोजा धडधाकट. आई म्हणाली, "ही मानसं हितं काय खाजवत्यात का काय?" मग एका दुपारी मी तिचा हात हातात घेतला, अंगठा त्या हाडावर दाबून घासला आणि दोघी एकमेकींकडं बघत राहिलो. पडद्याआडची ती एवढी मोठी गुप्त खूण, आणि ती आमच्या सुईच्या टोकावर नांदत होती. आम्ही हसून हसून लोळलो. कुणाला सांगितलं मात्र नाही.

काळे मोजेही होते, मयताच्या दिवशी घालायचे. ते रफूला क्वचितच यायचे. तेही कसर लागली तर. ते त्या हाडावर का विरत नाहीत, हा प्रश्न तेव्हा मला पडायला हवा होता.

लढाई सुरू झाली आणि अमेरिकेहून येणारी पार्सलं बंद पडली. जुन्या फितींचे धागे निघाले होते. तेव्हा तेराच्या तेरा फिती मी नव्यानं शिवल्या, आबांनी काढून दिलेल्या नमुन्यावर. शुभ दिवशी पांढरी बाजू बाहेर, उघडा डोळा. भाऊ गेला की फीत उलटायची, काळी बाजू बाहेर, मिटला डोळा. गेलेल्या माणसाची स्वतःची फीत मात्र त्याच्या छातीवर ठेवायची आणि तिची पांढरी बाजू वर. ती त्याच्याबरोबर जायची. आईला हे काळं साटीन घरात नको होतं. ते ती देवघरापासून लांब, उंबऱ्याशी ठेवायला लावायची.

आता त्या चार दिवसांचं सांगते.

बेचाळीसच्या वाऱ्यात माझा थोरला भाऊ अण्णा घरातून गेला होता. कुंडलकडच्या भूमिगत पोरांत आहे एवढंच आम्हाला ठाऊक. पुढच्या एका चैत्रात तो भर दुपारी मागच्या दारानं आत आला. का आला, कसा आला, मी विचारलं नाही आणि त्यानं सांगितलं नाही. पायाला जखम होती आणि डोळे खोल गेले होते. आईनं त्याला कापडाच्या गठ्ठ्यांमागं निजवलं आणि पुढं शिवणयंत्र सरकवून मला चालवायला बसवलं. तो खोकला की मी पाय जोरात मारायची. चार दिवस मी ते यंत्र रिकामं फिरवलं. सुईत दोराही नव्हता. आजही शिवणयंत्राचा आवाज मध्येच थांबला की माझा श्वास थांबतो.

तिसऱ्या दिवशी एक ओळखीचा शिपाई सदऱ्याला गुंड्या लावून घ्यायला आला. गुंड्या लावून होईपर्यंत गप्प बसला आणि जाताना म्हणाला, "मास्तर, परवा पेठंत झडती हाय बगा. घर अन् घर. नाक्यावर बी मानसं वाढवल्यात."

आबांनी मान हलवली आणि कात्री खाली ठेवली.  त्या रात्री घरात कुणी जेवलं नाही.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बंगल्याचा माळी निरोप घेऊन आला की हावडसाहेब तापानं गेले. उद्या सकाळी माती. सांगलीच्या मंडळाचे ब्रदर लोकही येणार. मास्तरांनी फिती तयार ठेवाव्यात.

ख्रिस्ती लोकांची दफनभूमी नाक्याच्या पलीकडं होती.

हे माझ्या मनात आधी आलं की अण्णाच्या, ते आता नेमकं आठवत नाही. आठवतं ते एवढंच की मी यंत्र थांबवलं आणि गठ्ठ्यांमागून तो म्हणाला, "आबा, फिती किती हायती?"

"तेरा," आबा म्हणाले. मग त्यांना कळलं. "न्हाई. ती साहेबाची हाय. त्याच्या छातीवर जायाची."

"सांगलीची मानसं कोन, हे हितल्यांना काय ठावं? एक आनिक असंल."

"म्या हात ठिवलाय पुस्तकावर."

"आवं," आई म्हणाली, आणि मला वाटलं ती अण्णाची बाजू घेईल. पण ती म्हणाली, "मेलेल्याची वस्तू माझ्या पोराच्या अंगाला लावायची न्हाई. मी लावू द्यायची न्हाई."

अण्णा हसला. चार दिवसांत पहिल्यांदा. "आये, उद्या झडती झाली की माझ्या अंगाला काय लावायचं राहनारच न्हाई."

 आई चुलीपुढं जाऊन बसली. मी अण्णाच्या जवळ गेले, त्याचा उजवा हात हातात घेतला आणि त्याला ते हाड दाखवलं. इथं. अंगठा इथं ठेवायचा आणि दाबायचा. दाबून जरा घासायचा. त्यानं माझ्या हातावर ते इतक्यांदा करून बघितलं की हाड दुखायला लागलं. आबा बघत होते.  जरा वेळानं उठून त्यांनी एका वकिलाचा शिवून ठेवलेला काळा कोट खुंटीवरून काढला, त्याला इस्त्री केली आणि पुन्हा खुंटीला लावला. त्या कोटाला इस्त्रीची गरज नव्हती.

अण्णानं मला बाजूला घेतलं. "पोचलो की फीत धाडीन," म्हणाला. "पांढरी बाजू वर असली तर मी हाय. काळी असली तर आयेला सांगू नको."

सकाळी आबा आणि मी फितींची पेटी घेऊन बंगल्यावर गेलो. चिंचेच्या पानांचा बारीक पाचोळा पायऱ्यांवर पडला होता. शिंप्यानं दाराशी उभं राहून प्रत्येक ब्रदरला फीत टाचायची, ही तिथली रीत. मी टाचण्या पुढं करायची. वरच्या पायरीवर फौजदारसाहेब उभे होते, आज साध्या काळ्या पोशाखात, हातात काळी काठी. ते येणाऱ्याचा हात हातात घेत आणि आत सोडत. आतल्या खोलीत झाकण न लावलेली पेटी होती आणि तिच्यात साहेब. सांगलीहून पाच-सहाजण आपापल्या फिती लावून आले होते. त्यांच्या मागं, टोपी डोळ्यांवर ओढून, किंचित लंगडत, वकिलाच्या कोटात, रफूला आलेले काळे मोजे घालून माझा भाऊ आला.

आबांच्या पुढं येऊन तो उभा राहिला. त्याच्या छातीवर काही नव्हतं. पेटीत एकच फीत उरली होती.

मी टाचणी पुढं केली. आबांनी ती घेतली नाही. मागं कुणीतरी घसा खाकरला. चिंचेत कावळा ओरडत होता, आणि मला वाटलं आता आबा वळतील आणि सगळं सांगून टाकतील, कारण या माणसाला खोटं झेपायचंच नाही. मग त्यांनी ती फीत उचलली, उलटली, काळी बाजू बाहेर घेतली आणि स्वतःच्या मुलाच्या छातीवर टाचायला लागले. उभ्या जन्मात आबांना टाचणी लागलेली मी पाहिली नव्हती. त्या दिवशी लागली. बोटातून रक्ताचा थेंब आला आणि फितीत जिरला. काळ्यावर रक्त दिसत नाही. आबांनी बोट धोतराला पुसलं आणि म्हणाले, "झालं, साहेब."

मुलाला ते साहेब म्हणाले. 

पायऱ्या चढून तो फौजदारांपुढं गेला. त्यांनी हात पुढं केला. अण्णानं तो धरला, आणि मला त्याच्या काळ्या मोज्याचा अंगठा सरकताना दिसला, नेमका त्या हाडावर. फौजदारांचा चेहरा हलला नाही. फक्त हात सुटायला हवा होता तेव्हा तो सुटला नाही. किती वेळ, कोण जाणे. मी टाचण्यांचा डबा पोटाशी धरून मनात म्हणत होते, सोड, सोड, सोड.

"कुठले?" फौजदारांनी विचारलं.

"सांगली," अण्णा म्हणाला.

"या."

आत प्रार्थना झाली. मग फौजदार पेटीपाशी आले, साहेबाच्या छातीकडं बघितलं आणि मागं वळले. "मास्तर, साहेबांची फीत?"

आबांनी पेटी पुढं केली. रिकामी.  फौजदारांनी एकदा रांगेवरून नजर फिरवली. मोजणारी नजर होती ती, पोलिसाची. लंगड्या पायापाशी ती क्षणभर थांबली. मग त्यांनी स्वतःच्या कोटावरची फीत काढली, उलटली, पांढरी बाजू वर केली आणि साहेबाच्या छातीवर ठेवली. झालर सारखी केली. रिकाम्या छातीनं ते मागं सरले आणि अण्णाकडं काठीनं खूण केली.

"सांगलीचे ब्रदर, पुढचा खांदा तुम्ही घ्या."

बंगल्याच्या पायरीवरून नाका दिसायचा. रस्ता तिथंवर सरळ उतरत गेला होता. मी एकटी मागं राहिले आणि बघत राहिले. अण्णा डाव्या अंगाला होता आणि नाक्याचे शिपाई उजव्या अंगाला, मध्ये ती लांब काळी पेटी. त्याचा चेहरा कुणाला दिसणं शक्यच नव्हतं. शेजारून फौजदार चालले होते. शिपायांनी सलाम ठोकले. पेटी नाक्यापाशी पोचली, नाक्यातून गेली आणि वळणाआड झाली. तेव्हा कुठं मला कळलं की टाचण्यांच्या डब्याची कड माझ्या तळहातात रुतली होती.

दुपारी झडती आमच्या घरापासूनच सुरू झाली. फौजदारसाहेब स्वतः आले, आता खाकीत. गठ्ठे सोडले, धान्याची कणगी उपसली, आईच्या देवघरापाशी मात्र कुणाला जाऊ दिलं नाही. ओसरीवर येऊन त्यांनी माझ्या टोपलीतला एक पांढरा मोजा उचलला आणि रफूवर अंगठा ठेवला.

"हा इथंच का विरतो, ठाऊक आहे तुला?"

"न्हाई साहेब."

"असं." त्यांनी टोपलीच्या तळातून काळा मोजा काढला. "आणि हा का विरत नाही?"

मी सुईत दोरा ओवायला घेतला. 

"मयताच्या दिवशी आमच्यात कुणी कुणाचा हात दाबत नाही, पोरी. नुसता हातात हात." दोन्ही मोजे त्यांनी जागच्या जागी ठेवले. "माझी फीत गेली. सवडीनं एक शिवून ठेव." मग दाराकडं वळून मोठ्यानं म्हणाले, "चला रे, इथं कुणी नाही."

ते गेल्यावर मला उमगलं. माझ्या हुशारीनं मी भावाला थेट फासात सोडलं होतं, आणि एका माणसानं तो फास हातात धरून सैल केला होता. आबांना सांगितलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "ह्ये आता कुनाला सांगायचं न्हाई. त्याची नोकरी हाय, मान हाय." आणि मला देवघरापुढं नेऊन माझ्याकडून शपथ घेतली. पुस्तक नव्हतं, गणपती होता.

तीन आठवड्यांनी कडेगावची एक गूळवाली बाई घरी आली. ढेपेच्या फडक्यात फीत होती. उलगडली तर पांढरी बाजू वर. आणि त्या पांढऱ्यावर आबांच्या रक्ताचा डाग. आईनं ती मेलेल्याची वस्तू डोळ्यांना लावली.

पुढं सगळं पांगलं. साहेब गेल्यावर मंडळ मोडलं. बोकड कुण्या मेळ्यात गेला आणि पोरांनी त्याची चाकं काढली. पडद्यांच्या कुणी गाद्या केल्या. आबा गेले. देश स्वतंत्र झाला. अण्णा उजळ माथ्यानं गावात आला, सभांतून बोलायला लागला, आणि प्रत्येक सभेत ती गोष्ट सांगायचा. भूमिगतानं फौजदाराला कसं बनवलं, त्यांचीच खूण त्यांच्याच हातावर कशी दाबली. लोक टाळ्या वाजवायचे. मी समोर बसलेली असायची. सांगता आलं असतं मला. पण आधी शपथ आडवी आली, आणि पुढं, खरं सांगायचं तर, ती गोष्ट मला आवडायला लागली. त्यात माझी हुशारी होती. माझी चूक त्यात नव्हती.

फौजदार निवृत्त होऊन सांगलीला राहायला आले होते. माझं सासरही सांगलीचंच. गोऱ्यांचा कुत्रा, म्हणायचे त्यांना. पोरं दारावर शेण मारायची. त्यांच्यासाठी शिवलेली फीत माझ्या ट्रंकेत होती, आणि त्यांच्या दारापर्यंत जायचं धाडस मी केलं नाही. आज जाऊ, उद्या जाऊ.

स्वातंत्र्याला दोन वर्षं झाली होती. अण्णा हळदीच्या पेठेत आला होता आणि माझ्याकडं जेवायला थांबला होता. शेजारीण सांगत आली, तो फौजदार पहाटे गेला, आणि अजून घरातच आहे. पुतण्या आहे, एक भाडेकरू आहे, एक म्हातारा शिपाई आहे. चौथा माणूस मिळत नाही.

"मिळनार कसा?" अण्णा घास घेत म्हणाला. "आमाला कमी छळलं का त्यानं?"

मी वाढायचं थांबवलं. "अण्णा, मयताच्या दिवशी ते हात दाबत न्हाईत."

"काय?"

"त्या दिवशी नुसता हातात हात द्यायचा असतो. मला ठावं नव्हतं. तू अंगठा दाबलास तवाच त्यांना कळलं. नाक्याच्या आधी कळलं. फीत कुठं गेली त्ये बी कळलं." मग मला थांबता येईना. मोजे, झडती, गणपतीपुढची शपथ, सगळं बोलून गेले. "त्यांनी आपली फीत काढून दिली. तुला पुढचा खांदा दिला, तोंड झाकावं म्हणून. तू त्यांना फसवलं न्हाईस, अण्णा."

त्यानं हातातला घास ताटात ठेवला. भात निवून गेला. मग उठला, हात धुतले आणि खुंटीवरचा कोट घातला.

"ती फीत कुठं हाय?"

ट्रंकेतून मी दोन्ही काढल्या. काळी बाजू बाहेर घेऊन जुनी त्याच्या छातीवर टाचली, आबांसारखी. माझ्या बोटाला टाचणी लागली नाही.

फौजदारांच्या अंगणात तिरडी बांधून तयार होती आणि तीन माणसं उन्हात उभी होती. त्यांच्या पत्नीनं मला विचारलं, "तुम्ही कोण?" मी म्हटलं, "शिंपी. त्यांची एक फीत माझ्याकडं राहिली होती." तुळशीच्या हाराखाली मी ती ठेवली. पांढरी बाजू वर, डोळा उघडा.

अण्णा गुडघ्यावर बसला. त्यानं त्यांचा उजवा हात आपल्या हातात घेतला आणि मधल्या बोटाच्या मुळाशी, त्या हाडावर, अंगठा दाबला. दाबून धरला. समोरून काहीच उत्तर येणार नव्हतं, तरी त्यानं हात लवकर सोडला नाही. मग तो उठला, कोटाची गुंडी लावली आणि त्या तिघांना म्हणाला, "चला. पुढचा खांदा माझा."